ताईचा दम



खर्ड्याच्या किल्ल्यापासून बाजारापर्यंत जायला ताईला आता दोनदा थांबावं लागतं. दोन वर्षांचा खोकला आणि पहाटे छातीत शिट्टी. शेजारणी म्हणतात, वय झालं. पण चुलीपुढे जिचा जन्म गेला तिचा दम वयावर ढकलू नकोस. बिडीला कधी हात न लावलेल्या बायकांनाही चुलीच्या धुराने सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या आवळण्याचा जुनाट आजार, होतो.

दुखणं तपासून ओळखणं गावच्या साध्या बायकांनाही जमलंय. तुमच्याच तालुक्यात, जामखेडला, १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे आले. गावोगावच्या बायका, त्यांतल्या कितीतरी निरक्षर, त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केल्या. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुढे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी निरक्षर दायांच्या हाती वाळूचं घड्याळ आणि मणी दिले. बाळाच्या दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. मिनिट सरायच्या आत लाल मणी आला की बाळाला न्यूमोनिया समजायचा आणि औषध सुरू करायचं. बालमृत्यू घटल्याचा त्यांचा अहवाल १९९० साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला.

ताईचा श्वासही असाच मोजून घे.

दोन आठवड्यांवर खोकला राहिला की आधी थुंकी तपासायची. सरकारी दवाखान्यात टीबीची तपासणी आणि औषधं फुकट आहेत. मग छातीचा एक्स-रे आणि स्पायरोमेट्री. त्यात नळीतून जोराने फुंकायचं असतं. श्वासनळ्या किती आवळल्यात ते आकड्यात दिसतं. रक्त कमी असलं किंवा हृदय थकलं तरी दम लागतो, तेही बघायला सांग.

श्वासातून औषध घ्यायच्या पंपाची सवय लागते, असं तिला कुणीतरी भरवलंय. तिला हिशेब दाखव: श्वासनळ्या मोकळ्या करणाऱ्या साल्ब्युटामॉलची गोळी ४ मिलिग्रॅमची, पंपाचा एक फवारा १०० मायक्रोग्रॅमचा, म्हणजे चाळिसावा भाग, आणि तोही थेट फुप्फुसात. मेडिकलमधून परस्पर आणलेल्या 'दम्याच्या गोळ्यां'त मात्र पुष्कळदा स्टेरॉइड असतं. महिनोन्महिने घेतलं तर साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. तरी एकदम बंद करू नका, डॉक्टरांना दाखवा.

ओठ निळे पडले, एक वाक्य सलग बोलता येईना, तर सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन कर.

दवाखान्यात जाताना गोळ्यांची पाकिटं बरोबर ने. किती वर्षं चूल फुंकली, तेही तूच सांग. ती आपणहून सांगायची नाही.

तुझा मामा