मुक्या पटाची वाचा

परभणी जिल्ह्यातील ताडकळससारख्या गावी शेतकऱ्याच्या मुलास जमिनीचे मोल शिकवावे लागत नाही. जमीन गेली म्हणजे कुणबी केवळ निर्धन होत नाही, तो निराधार होतो. हेच दुःख बाबूराव पेंटर यांनी १९२५ साली ‘सावकारी पाश’ या मूकपटातून मांडले.

गाजलेल्या कथा-कादंबऱ्यांवरून मूकपट तयार करण्याची प्रथा त्या काळी देशोदेशी होती. व्हिक्टर ह्यूगो या फ्रेंच लेखकाने १८६२ साली ‘ले मिझेराब्ल’ ही कादंबरी लिहिली. पाव चोरल्याबद्दल तुरुंगवास भोगलेल्या एका गरिबाची ती कहाणी. तिच्यावर आँरी फेस्कूर यांनी १९२५ सालीच मूकपट काढला. कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत पेंटरांनी तोवर ‘सैरंध्री’, ‘सिंहगड’ असे पौराणिक व ऐतिहासिक पट काढले होते. या वेळी मात्र त्यांनी ना. ह. आपटे यांची कथा निवडली.

कथा साधी आहे. लोभी सावकार खोटे कागद करून शेतकऱ्याची जमीन बळकावतो. देशोधडीस लागलेला तो शेतकरी शहरात जाऊन गिरणी कामगार होतो. तरुण शेतकऱ्याची भूमिका शांताराम वणकुद्रे, म्हणजेच पुढे कीर्ती पावलेले व्ही. शांताराम, यांनी केली.

कागदाचे हे भय कल्पित नव्हते. १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला, तेव्हा त्यांनी कर्जरोखे व हिशेबाच्या वह्याच जाळल्या. ज्यास वाचता येत नाही, त्यास कागदावर काय लिहिले आहे हे कसे कळावे? अंगठा उठविला की तो बांधला जाई.

अशा माणसाशी हा पट अक्षरांवाचून बोलला. अंधारात बुडालेली झोपडी आणि तिच्यापाशी विव्हळणारे कुत्रे हे दृश्य पाहणाऱ्यांच्या मनातून गेले नाही. विव्हळणे ऐकू येत नव्हते, तरी घराची उजाड अवस्था समजत होती. १९३६ साली पेंटरांनी हीच कथा बोलपटातही आणली.

मूकपटांत अधूनमधून पडद्यावर वाक्ये उमटत. ज्यांना वाचता येई, ते शेजाऱ्यांसाठी ती मोठ्याने वाचत. अक्षरज्ञान खोटे कागद करणाऱ्या सावकारापाशी होते, तसेच ते या वाचणाऱ्यांपाशीही होते. एकाने त्याचा पाश केला. दुसऱ्याने त्याच विद्येने शेजाऱ्यास आधार दिला.