लेकरांच्या पोटातला ब्रिक्स



या पानावर आपण नेहमी लागण, खोडवा, खतांचे हप्ते आणि पाण्याच्या पाळ्या यांविषयी बोलतो. या खेपेला विषय घरातला आहे. साखर कारखान्याच्या ऊस विकास अधिकाऱ्याने "लेकरांना साखर बेताने द्या" असे लिहावे, हे काहींना उफराटे वाटेल. एका सभासदाने तर मला तोंडावरच सुनावले, "साहेब, तुम्ही तं दुकानावर बसून गिऱ्हाईक वापस पाठवून राह्यले!" त्यांना जे उत्तर दिले, तोच आजचा पाठ.

१. एका थेंबाची गोष्ट

तोडीआधीच्या पक्वता तपासणीसाठी पैनगंगेकाठच्या एका फडात गेलो होतो. रिफ्रॅक्टोमीटरवर रसाचा थेंब टाकला, ब्रिक्स १९ आला. सभासदाचा दहा-अकरा वर्षांचा नातू बाजूला उभा होता. हातात थंड पेयाची बाटली. म्हणाला, "साहेब, याचा बी पाहा न."

पेय पेल्यात ढवळून आधी गॅस घालवला, मग थेंब टाकला. आकडा ११ च्या जवळ आला. आजोबा खुशीत म्हणाले, "म्हंजे आपला ऊसच भारी!" मी म्हटले, "आजोबा, ऊस भारी आहेच. पण आता या बाटलीचा हिशेब करू."

ब्रिक्स म्हणजे रसात विरघळलेले घन पदार्थ, हे आपणांस ठाऊक आहे. गोड थंड पेयात हे घन पदार्थ म्हणजे जवळजवळ सगळी साखरच. ब्रिक्स ११ याचा अर्थ शंभर ग्रॅम पेयात सुमारे ११ ग्रॅम साखर. म्हणजे २५० मिलिलिटरच्या बाटलीत २७ ग्रॅमच्या आसपास. पाच ग्रॅमचा चमचा धरला तर पाच चमच्यांहून जास्त. चहाच्या कपात कोणी पाच चमचे साखर टाकली तर आपण तो कप बाजूला सारू. बाटलीतली मात्र दिसत नाही आणि गारव्यामुळे तितकी जाणवतही नाही.

२. किती साखर पुरे?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली मर्यादा सांगितली. दिवसभराच्या एकूण उष्मांकांपैकी वरून घातलेल्या साखरेचा वाटा १० टक्क्यांच्या आत असावा, ५ टक्क्यांच्या आत राहिला तर अधिक चांगले. अमेरिकेच्या हृदयरोग संघटनेने २०१६ साली २ ते १८ वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला २५ ग्रॅमच्या आत, आणि दोन वर्षांखालील बाळाला वरची साखर अजिबात नको, असे सांगितले.

दुधातली आणि अख्ख्या फळातली साखर यात धरायची नाही. गूळ, मध आणि रसवंतीतला उसाचा रस मात्र धरायचा. गुळात थोडे लोह व इतर क्षार असतात हे खरे, पण त्याचा मोठा भाग साखरच. "आम्ही गूळ देतो" म्हणून सुटका होत नाही.

आता आपल्याकडच्या शाळकरी लेकराचा एक दिवस मांडू :

सकाळचा चहा, दोन चमचे साखर – १० ग्रॅम
ग्लुकोज बिस्किटांचा ५० ग्रॅमचा पुडा – सुमारे १२ ग्रॅम
शाळा सुटल्यावर थंड पेय – सुमारे २७ ग्रॅम
संध्याकाळचा चहा – १० ग्रॅम

बेरीज ५९ ग्रॅम. मर्यादेच्या दुपटीहून जास्त, आणि यात मिठाईचा एक तुकडाही नाही. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने मे २०२५ मध्ये आपल्या शाळांना साखरेची माहिती देणारे फलक लावायला सांगितले. त्या परिपत्रकात ४ ते १० वर्षांच्या मुलांच्या रोजच्या उष्मांकांत साखरेचा वाटा १३ टक्के आणि ११ ते १८ वर्षांच्या मुलांत १५ टक्के असल्याचे म्हटले आहे.

३. "आमचं पोट्टं तं काडीसारखं आहे"

ही शंका हमखास निघते. आपल्या भागात काळजी कुपोषणाची, लठ्ठपणा हा शहरातला रोग, असे आपण धरून चालतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडे पाहा. २०१९-२१ च्या पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३५ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी होती. त्याच वेळी जादा वजनाची मुले मागच्या पाहणीतील १.९ टक्क्यांवरून ४.१ टक्क्यांवर गेली. म्हणजे एक संकट गेले नाही, तोच दुसरे दारात आले.

या दोन्हींचा संबंध पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवला. १९९३ पासून त्यांनी पुणे जिल्ह्यातील सहा खेड्यांत गर्भवती माता व त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. आई-बाप आपल्यासारखेच शेतकरी. बाळांचे जन्माचे वजन सरासरी २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउथहॅम्पटन शहरातील बाळांचे ३.५ किलो. आपले बाळ लहान होते, स्नायू कमी होते, पण अंगावरची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. याला त्यांनी 'बारीक पण चरबीदार' बाळ म्हटले.

यातला धडा असा : ज्याची सुरुवात अशी झाली, त्या शरीरावर पुढे साखर आणि तेलाचा मारा झाला, तर मधुमेह लवकर गाठतो. काडीसारखे लेकरू बाटलीबंद गोडावर वाढवले तर त्याच्या हाडामांसाला काही मिळत नाही, पोट तेवढे सुटते.

४. पातळ साखर जास्त वाईट का?

साखरेच्या रेणूत ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन भाग असतात. फ्रुक्टोजचा निचरा मुख्यतः यकृतात होतो, आणि ते गरजेपेक्षा जास्त आले की यकृत त्याची चरबी करते. दुसरे असे, की पिऊन घेतलेल्या साखरेने पोट भरल्यासारखे वाटत नाही. भाकर खाल्ली की भूक भागते, बाटली प्याली तरी जेवण तेवढेच जाते.

सगळा दोष साखरेचा नाही, हेही सांगतो. तळलेली पाकिटे, मोबाईल, कमी झालेला खेळ आणि अपुरी झोप यांचाही वाटा आहे. पण साखर हा आपल्या हातातला वाटा आहे.

५. मग आपल्या उसाचे काय?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. मागणी घटली तर कारखान्याला काहीच झळ लागणार नाही, असे मी म्हणत नाही. पण तीन गोष्टी ध्यानात घ्या. पहिली, आपला रास्त व किफायतशीर दर उताऱ्यावर ठरतो. २०२५-२६ हंगामासाठी तो १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये आहे. एकरी उत्पादन आणि उतारा वाढवणे आपल्या हातात आहे. दुसरी, ऊस आता फक्त साखरेसाठी नाही. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट देशाने २०२५ साली गाठले, त्यात उसाचा वाटा आहे. तिसरी, ऊस आपण लेकरांसाठीच पिकवतो. त्यांच्या दवाखान्याच्या बिलात उसाचे बिल जिरवायचे असेल तर एवढा खटाटोप कशाला?

६. दोरीची परीक्षा

पाच वर्षांवरील लेकराच्या उंचीएवढी दोरी कापा. ती मधोमध दुमडून कमरेभोवती, बेंबीच्या पातळीवर, न आवळता गुंडाळा. टोके जुळली तर ठीक. जुळली नाहीत तर पोटावर चरबी जास्त आहे. अशा वेळी लेकराला हिणवू नका, उपाशी ठेवू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टरांना दाखवा.

७. घरी काय करावे

(१) थंड पेय घरात साठवू नका. तहानेला पाणी, किंवा मीठ-जिरे घातलेले ताक.
(२) लेकराच्या चहातली साखर एकदम तोडू नका. दर पंधरवड्याला अर्धा चमचा उतरवा, जिभेला सवय होते.
(३) दुधात टाकायच्या पावडरीच्या डब्यामागची बारीक अक्षरे वाचा. शंभर ग्रॅममध्ये साखर किती ते तिथे छापलेले असते.
(४) पाच माणसांच्या घराला माणशी २५ ग्रॅमने महिन्याला पावणेचार किलो होते, बाहेरचे गोड धरून. सवलतीची सभासद साखर घरात आली म्हणून ती संपवलीच पाहिजे असे नाही.
(५) शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जादा साखर, मीठ व चरबीचे पदार्थ विकू नयेत, असा अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा २०२० चा नियम आहे. शाळा समितीत आणि ग्रामसभेत तो मांडा.
(६) सणाला हात आखडू नका. पोळ्याची पुरणपोळी, तान्ह्या पोळ्याचा खाऊ लेकरांना पोटभर द्या. सण वर्षातून एकदा येतो, बाटली रोज येते.

त्या दिवशी फडातून निघताना नातवाने बाटली आजोबांच्या हातात दिली. आजोबांनी उरलेले पेय धुऱ्यावर ओतले आणि म्हणाले, "साहेब, हे यंत्र एकदा आमच्या शाळेत आणा." येत्या हंगामात ज्या गावी पक्वता तपासणीला जाईन, तिथल्या शाळेतही रिफ्रॅक्टोमीटर घेऊन जाणार आहे. सभासदांनी आपल्या गावच्या शाळेचे नाव गट कार्यालयात नोंदवावे, ही विनंती.

– ऊस विकास अधिकारी