टिपर विकला, बाजार धरला

२०१२ सालची गणेश चवथ १९ सप्टेंबरला होती. त्याच्या नऊ दिवस आधी, १० सप्टेंबरला, गोवा सरकारने लोहखनिजाच्या खाणी थांबवल्या आणि ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयानेही खाणकामावर बंदी घातली. खाणीचा माल टिपरने वाहणाऱ्या डिचोलीतल्या आमच्यासारख्या घरांवर हा घाव भलत्याच वेळी पडला. पावसात मालाची वाहतूक बंदच असते. ऑक्टोबरात सीझन सुरू होईल म्हणून टायर बदललेले, पासिंग केलेलं, आणि तेही उधारीवर. दारात टिपर उभा, हप्ता चालू आणि घरात गणपती यायचा होता.

आमचे हे रोज चौकातून बातमी आणत. दोन महिन्यांत सुरू होणार, मार्चपर्यंत नक्की होणार. सारा तालुका त्या बातम्यांवर दिवस ढकलत होता. हिशेबाची वही माझ्याकडे असायची. तिच्यात हप्ता, विमा, मुलांची फी असा खर्च लिहिलेला, आणि जमेची बाजू कोरी. वाट पाहायलाही दरमहा पैसे लागतात, हे ती वही बघून ह्यांना पटलं. अशी वेळ आली तर नवरा-बायकोने समोरासमोर बसून आधी हा खर्च मांडावा.

दिवाळीनंतर आम्ही टिपर तोट्यात विकला. सगळे म्हणत होते, थांबा. पण एकाच तालुक्यातले ट्रक एकदम विकायला निघाल्यावर भाव टिकणार कसा? मागाहून विकणाऱ्यांच्या हाती आमच्याहूनही कमी आलं. उरलेल्या कर्जासाठी हे स्वतः कर्ज देणाऱ्यांकडे जाऊन बोलले. हप्ता चुकला की लोक फोन घ्यायचे टाळतात, तसं मुळीच करू नका.

वाट मात्र सासूबाईंनी त्या चवथीलाच दाखवली होती. रानात फिरून कांगलां, घागऱ्यो, कवंडळं गोळा केली, परसातले आंबाडे काढले आणि पहिल्या बसने अस्नोड्यावरून म्हापसा गाठलं. माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या, बाजारात बायका ढीग लावून बसल्या होत्या. सासूबाईंनी ढीग लावलाच नाही. प्रत्येक जिन्नस थोडा थोडा घेऊन त्याचे झुबके केले आणि प्रत्येकाला केवणीचा दोर आधीच बांधून ठेवला. घरी जाऊन झुबका नुसता टांगायचा. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या माणसाला दोर कुठून मिळणार? दुपारच्या आत टोपल्या रिकाम्या झाल्या.

मग म्हापशाचा शुक्रवारचा बाजार धरला. थंडीत आळसांदे, मुळा, तांबडी भाजी. मे महिन्यात पुरुमेंताला, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीला, सोलं, चिंच, सुकी मिरची. ह्यांनी जुनी पिकअप घेतली. कुठला रस्ता कधी तुंबतो, माल कसा रचला की दबत नाही, हे त्यांना ट्रकमुळेच ठाऊक होतं. पेडण्याकडच्या भाजीवाल्या बायका आपला माल त्यांच्याच गाडीत टाकू लागल्या. बाजारात जागा मिळवायला एकदाच जाऊन भागत नाही. गिऱ्हाईक दर शुक्रवारी तीच टोपली त्याच जागी शोधतं. पाऊस असो, माल थोडा असो, जाऊन बसायचं.

आमच्या मळ्यात खाणीचा गाळ उतरला नव्हता, म्हणून हे जमलं. डिचोलीतल्या ज्यांच्या शेतात गाळ बसला, त्यांना शेतीकडे वळा म्हणणं क्रूरपणाचं आहे. त्यांच्यासाठी सरकारी मदत हक्काची होती आणि ती मागण्यात कसलाच कमीपणा नव्हता.

एप्रिल २०१४ मध्ये न्यायालयाने बंदी उठवली, वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून. काम परत आल्यावर कितीतरी जणांनी नवे ट्रक काढले. हे दुसऱ्याच्या ट्रकवर चालक म्हणून गेले, पिकअप मात्र विकली नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं आणि मार्चच्या मध्याला खाणी पुन्हा बंद पडल्या. ह्यांचा पगार गेला, पण शुक्रवारची कमाई होती, म्हणून मुलीचं कॉलेज सुटलं नाही.

२०२४ मध्ये डिचोलीची खाण पुन्हा चालू झाली, तसा भाचा टिपरचं कोटेशन घेऊन आला. मी त्याला नको म्हटलं नाही, कमवायचं वय आहे त्याचं. पावसाच्या चार महिन्यांचा हप्ता आधी बाजूला काढ, गाडी जुनी घे, आणि घर नि मळा तारण ठेवू नकोस, एवढं त्याच्याकडून कबूल करून घेतलं.