पाखरांच्या बिळातील पहारेकरी

चक्रीवादळाच्या दिवसांत आपल्या घरातील सर्वांचे कान रेडिओकडे लागलेले असतात. वाक्वा येथील हवामान कार्यालयाकडून बातमी येते : वाऱ्याचा वेग इतका, पाऊस इतका, वादळ बेटापासून इतक्या अंतरावर. तेवढ्यात आजी दार किंचित उघडून बाहेर डोकावते आणि म्हणते, "आपल्याकडे तर अजून पानही हलत नाही!" रेडिओही खोटे बोलत नसतो आणि आजीही. यंत्र जेथे उभे असते तेथील वारा ते मोजते. आजी आपल्या अंगणातील वारा सांगते. क्युरपीपला पावसाची झड लागलेली असताना पोर्ट लुईसला लख्ख ऊन पडलेले असते, हा तर आपला नेहमीचा अनुभव आहे.

बेटाचे हवामान एक, गावाचे दुसरे, अंगणाचे तिसरे. मग जमिनीतील एखाद्या बिळाचे हवामान चौथे असणार! पण बिळातील हवा कशी आहे, हे जाणून घेण्याची गरज कोणाला पडेल? एकदा काही शास्त्रज्ञांना अशी गरज पडली. त्यांनी ती कशी भागवली, त्याची ही हकीगत आहे.

अमेरिकेच्या ईशान्य टोकाला मेन नावाचे राज्य आहे. त्याच्या किनाऱ्यापासून काही मैलांवर, अटलांटिक महासागरात, ग्रेट डक आयलंड नावाचे बेट आहे. नावात 'ग्रेट' म्हणजे मोठे असा शब्द असला, तरी ते जेमतेम एक चौरस किलोमीटरचे आहे. तेथे एक दीपगृह आहे, थोडी झाडी आहे, गवत आहे आणि वारंवार येणारे थंडगार धुके आहे. बेटाचे खरे रहिवासी म्हणजे पाखरे. त्यांतील एका पाखराचे इंग्रजी नाव आहे लीचेस स्टॉर्म पेट्रेल. आपण त्याला वादळपाखरू म्हणू.

हे वादळपाखरू दिसायला अगदी साधे असते. रंग काळसर तपकिरी, शेपटी दुभंगलेली आणि वजन सुमारे ४५ ग्रॅम, म्हणजे एखाद्या लिंबाइतके. त्याचे सारे आयुष्य खोल समुद्रावर जाते. जमिनीवर ते येते ते केवळ अंडे घालण्यासाठी आणि पिलू वाढवण्यासाठी. तेही रात्रीच्या अंधारात, कारण दिवसा कुरव पक्षी त्याच्यावर टपलेले असतात. मऊ मातीत ते हातभर किंवा त्याहून लांब बीळ करते. मादी वर्षातून एकच अंडे घालते. ते अंडे सुमारे सहा आठवडे उबवावे लागते. नर आणि मादी पाळीपाळीने बसतात. एक जण समुद्रावर अन्न शोधायला गेला, की दुसरा काही दिवस उपाशीपोटी अंड्यावर बसून राहतो.

ही पाळी नेमकी केव्हा बदलते? ऋतू पुढे सरकतो तसे बिळातील तापमान आणि आर्द्रता किती बदलतात? जेथे पाखरे दाटीने बिळे करतात तेथील जमीन आणि जेथे ती फिरकतही नाहीत तेथील जमीन, यांत फरक काय? पक्षिशास्त्रज्ञांना हे प्रश्न पडले होते. तुम्ही म्हणाल, त्यात काय अवघड? बिळात हात घालावा, तापमापक ठेवावा आणि पाहावे.

तेच तर करता येत नव्हते. अंडे उबवण्याच्या पहिल्या दोन आठवड्यांत कोणी त्रास दिला, तर वादळपाखरू बहुधा बीळ सोडून निघून जाते, असे कॅनडातील केंट बेटावर आढळून आले होते. मेनच्या किनाऱ्यावरील पाणकावळ्यांचा अनुभव तर याहून वाईट होता. माणूस त्यांच्या वसाहतीत केवळ पंधरा मिनिटे गेला, तरी त्या हंगामातील अंडी आणि पिले मिळून २० टक्क्यांपर्यंत दगावू शकतात. म्हणजे पाखरांचे भले व्हावे म्हणून अभ्यास करायचा आणि त्या अभ्यासानेच त्यांची पिले मारायची! असा अभ्यास न केलेलाच बरा.

या अडचणीतून वाट निघाली ती एका वेगळ्याच शाखेतून. कॅलिफोर्नियात बर्कली येथे एक मोठे विद्यापीठ आहे. तेथील काही संशोधक १९९० नंतरच्या दशकात अगदी लहान यंत्रे तयार करण्याच्या खटपटीत होते. धुळीच्या कणाएवढे यंत्र करावे, त्याने भोवतालचे मोजमाप घ्यावे आणि ते बिनतारी संदेशाने कळवावे, असे त्यांचे स्वप्न होते. म्हणून त्यांनी त्या यंत्राला 'मोट' हे नाव दिले. इंग्रजीत मोट म्हणजे धुळीचा कण. आपल्या मराठीत मोट म्हणजे विहिरीतून पाणी काढण्याचे चामड्याचे साधन, आणि मोट म्हणजे गाठोडेही. विखुरलेल्यांना एकत्र आणणे याला आपण 'मोट बांधणे' म्हणतो. हे यंत्रही तसेच काम करते, तेव्हा हे नाव आपल्याला परके वाटायला नको.

२००२ साली बर्कलीच्या संशोधकांनी, इंटेलच्या तेथील प्रयोगशाळेने आणि मेनमधील कॉलेज ऑफ दि अटलांटिक या संस्थेने मिळून ग्रेट डक बेटावर मोट बसवल्या. त्या धुळीच्या कणाएवढ्या मात्र नव्हत्या. घड्याळात घालतो तसले दोन पेन्सिल सेल शेजारी शेजारी ठेवावेत, साधारण तेवढा त्यांचा आकार होता. प्रत्येक मोटेत चार गोष्टी होत्या : मोजमाप घेणारे संवेदक, एक चिमुकला संगणक, एक चिमुकला रेडिओ आणि हे सर्व चालवणारे दोन सेल. संगणकाची कामाची स्मृती केवळ ४ किलोबाइट होती. तुम्ही वाचत आहात हा धडासुद्धा तिच्यात मावणार नाही.

संवेदक म्हणजे काय, हे समजायला फार लांब जायला नको. आपली त्वचा हा उष्णतेचा संवेदक आहे. मोटेतील संवेदक तापमान, आर्द्रता, हवेचा दाब आणि प्रकाश मोजत असत. त्यांतील एक मोठा गमतीचा होता. प्रत्येक उबदार वस्तूतून डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण बाहेर पडतात. हा संवेदक ते किरण टिपत असे. बिळातील हवा थंड, पण समोरून येणारे किरण उबेचे, असे दिसले की समजावे, पाखरू घरात आहे! दिवा नको, कॅमेरा नको आणि हात तर मुळीच नको.

खरा प्रश्न होता तो विजेचा. बिळापर्यंत विजेची तार नेता येत नाही आणि दर आठवड्याला सेल बदलायला गेले, तर पाखरांना पुन्हा त्रास होणारच. म्हणून एकदा घातलेल्या सेलवर नऊ महिने काम चालले पाहिजे, असे संशोधकांनी ठरवले. आता आपणच हिशेब करू. दोन सेलची मिळून क्षमता सुमारे २,२०० मिलिअँपिअर-तास. नऊ महिने म्हणजे २७० दिवस. भागाकार केला, तर दिवसाला मिळतात ८ मिलिअँपिअर-तासांहून किंचित जास्त. मोटेने एवढ्यावरच दिवस काढायचा. आणि तिचा रेडिओ नुसता चालू ठेवून, कोणी आपल्याशी बोलते आहे का हे ऐकत बसला, तर एका दिवसात सुमारे १०८ मिलिअँपिअर-तास खर्च होतात. म्हणजे तीन आठवड्यांच्या आत सेल संपले!

बोलायला खर्च येतो हे आपल्याला पटते, पण नुसते ऐकत बसायलाही एवढा खर्च येतो, हे नवल आहे. यावर उपाय एकच होता, झोप. मोट जवळजवळ सारा वेळ झोपून असे. दर ७० सेकंदांनी ती जागी होई, मोजमाप घेई, ते रेडिओवरून सांगून टाकी आणि कोणी उत्तर देते का हे न पाहता पुन्हा झोपी जाई. दिवसातून असे बाराशेहून अधिक वेळा घडत असे.

तिचे बोलणे फार दूर जात नसे. जवळच सूर्याच्या उजेडावर चालणारे एक मध्यस्थ यंत्र ठेवले होते. ते हे बोलणे ऐकून बेटावरील एका संगणकाकडे पाठवी. तेथून ते उपग्रहामार्फत थेट कॅलिफोर्नियाला पोहोचे. अमेरिकेच्या एका टोकाच्या बिळात पाखरू अंड्यावर बसले आहे, हे दुसऱ्या टोकाला खुर्चीत बसलेल्या माणसाला कळू शकत होते आणि पाखराला त्याचा पत्ताही नव्हता.

अशा ४३ मोट त्या वर्षी बसवल्या होत्या. चार महिन्यांत त्यांनी ११ लाखांहून अधिक नोंदी पाठवल्या. परंतु सारे सुरळीत झाले असे मात्र समजू नका. प्रयोगशाळेत उत्तम चालणारे यंत्र धुक्यात, पावसात आणि खाऱ्या वाऱ्यात टिकेलच असे नसते. आतील भागांवर पाणी न शिरू देणारा पातळ लेप दिलेला होता; पण हवा मोजायची, तर संवेदक उघडाच ठेवावा लागतो. तेथूनच ओल आत शिरली. काही मोट शंभर टक्क्यांहूनही अधिक आर्द्रता कळवू लागल्या, जी असूच शकत नाही. अशा मोट पुढे लवकरच बंद पडत. संशोधकांनी या चुकीच्या नोंदी फेकून दिल्या नाहीत. त्या नीट पाहिल्यावर त्यांच्या लक्षात आले, की आर्द्रतेचे असे वेडेवाकडे आकडे येऊ लागले म्हणजे ती मोट आजारी आहे. मरणाऱ्या यंत्राने आपल्या मरणाची सूचना आधीच दिली होती. ती वाचायला शिकणे एवढेच बाकी होते. मला तर या प्रयोगातील हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो.

पुढच्या वर्षी, म्हणजे २००३ साली, सुमारे १५० यंत्रे बसवली. त्यांतील काहींना आता एक नवी गोष्ट शिकवलेली होती. आग लागली की माणसे रांगेत उभी राहून पाण्याची बादली हातोहात पुढे देतात ना? तशी एक मोट आपली बातमी शेजारच्या मोटेला देई, ती पुढच्या मोटेला, आणि अशा रीतीने बातमी मुक्कामाला पोहोचे. यामुळे लांबच्या बिळांवरही लक्ष ठेवता येऊ लागले. या पद्धतीलाच खऱ्या अर्थाने बिनतारी संवेदकांचे जाळे म्हणावे. मात्र रांगेत मध्ये उभा असलेला माणूस जसा लवकर थकतो, तसे इतरांच्या बातम्या वाहणाऱ्या मोटेचे सेल लवकर संपतात, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

जेथे माणसाने जाऊ नये किंवा जाता येत नाही, अशा इतर जागीही हे पहारेकरी पोहोचले. २००५ साली इक्वेडोर देशातील रेव्हेंतादोर या जागृत ज्वालामुखीवर १६ मोट मांडून १९ दिवस त्याचे हादरे आणि गडगडाट टिपण्यात आले. २००६ साली सॅन फ्रान्सिस्को येथील गोल्डन गेट या प्रचंड झुलत्या पुलावर ६४ मोट बसवल्या. वाऱ्याने आणि मोटारींनी पूल किती थरथरतो, हे त्यांनी सांगितले.

महाराष्ट्रातील एक उदाहरण मात्र थोडे सविस्तर सांगण्यासारखे आहे. नाशिकचा परिसर द्राक्षांसाठी प्रसिद्ध आहे. द्राक्षाच्या वेलीवर केवडा नावाचा रोग पडतो. पाने बराच वेळ ओली राहिली, की त्याची बुरशी फोफावते. आपल्या बागेत केवडा आज येईल की नाही हे ठाऊक नसल्यामुळे शेतकरी भीतीपोटी औषध फवारत राहतो. पैसा जातो आणि औषध फळावर उतरते. एखाद्या यंत्राने पान किती तास ओले होते हे सांगितले, तर फवारणीची वेळ ठरवता येईल. २००० नंतरच्या दशकात मुंबईच्या आय. आय. टी.मधील संशोधकांनी नाशिकच्या एका द्राक्षमळ्यात बिनतारी संवेदक लावून पानांचा ओलावा, हवेचे तापमान आणि जमिनीतील ओल मोजली. एकाच मळ्यात खोलगट भागातील पाने उशिरा सुकतात आणि उंचवट्यावरची लवकर. गावच्या हवामान केंद्रातील एकुलत्या एका यंत्राला हे कसे कळावे?

आपल्याकडील पाय-आं-क्यो तुम्ही पाहिला असेल. लांब शेपटीचा हा पांढरा पक्षी एअर मॉरिशसच्या विमानांवरही रंगवलेला असतो. तोही कड्याच्या कपारीत एकच अंडे घालतो. पुढच्या वेळी तो घळीवरून तरंगत जाताना दिसला, तर त्याच्या कपारीतील हवा कशी असेल आणि ती त्याला न उठवता कशी मोजता येईल, याचा विचार करून पाहा.

शब्दार्थ
बिनतारी : तारेशिवाय चालणारे. संवेदक : उष्णता, ओल, प्रकाश इत्यादी जाणून घेणारे साधन. आर्द्रता : हवेतील ओलावा. कपार : खडकातील पोकळ जागा. झड लागणे : पाऊस न थांबता पडत राहणे. दगावणे : मरण पावणे.

स्वाध्याय
१. वादळपाखरू जमिनीवर रात्रीच का येते?
२. 'मोट' या शब्दाचे इंग्रजीतील आणि मराठीतील अर्थ सांगा.
३. मोटेला झोपून का राहावे लागते? धड्यातील आकडे वापरून लिहा.
४. चुकीच्या नोंदींचा संशोधकांना काय उपयोग झाला?
५. तुमच्या घरातील, अंगणातील आणि शाळेतील तापमान एकाच दिवशी मोजा. फरक का पडला असेल, ते वर्गात सांगा.