टोमॅटोच्या बुडाचा काळा डाग : औषधापूर्वी निदान

टोमॅटोची हिरवी फळे वाढीस लागली असता कित्येकदा त्यांच्या बुडाशी, म्हणजे देठाच्या विरुद्ध टोकास, पाणी मुरल्यासारखा डाग पडतो. पुढे तो काळसर, खोलगट व चामड्यासारखा चिवट होतो. करपा समजून त्यावर औषध फवारले जाते. परंतु खर्च व श्रम वाया जाऊन डाग पडतच राहतात. कारण हा बुरशीचा रोग नसून वाढीतील विकृती आहे व ती एका झाडावरून दुसऱ्यास लागत नाही.

वाढत्या फळास कॅल्शियम कमी पडल्याने ही विकृती होते. हे द्रव्य पाण्याबरोबरच झाडात चढते. म्हणून जमीन चुनखडीची असली तरी पाण्याची पाळी चुकली, की ते फळाच्या टोकापर्यंत पुरेसे पोहोचत नाही. नत्राचा अतिरेक व खोल खुरपणीने तुटलेली मुळे यांमुळेही असेच घडते.

निदानाच्या खुणा :
(१) डाग केवळ बुडाशी, पाने निरोगी – ही विकृती.
(२) पानांवर वलयांकित ठिपके, फळावर देठाजवळ डाग – करपा.
(३) फळास छिद्र – फळे पोखरणारी अळी.

उपाय : पाणी बेताचे पण नियमित द्यावे, ताण पडल्यावर एकदम भरपूर देऊ नये. बुंध्याशी पेंढ्याचे आच्छादन करावे, खुरपणी उथळ करावी व नत्र विभागून द्यावे. डागी फळे तोडावीत, म्हणजे उरलेली चांगली पोसतील. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी फवारणीचा सल्ला देण्यापूर्वी पाण्याच्या पाळ्यांची चौकशी अवश्य करावी.