बिबा, लिंबू आणि हळद : घरगुती त्वचानिगेतील अनुभवाचे बोल

वाशीम जिल्ह्यातील घराघरांत त्वचेच्या निगेसाठी जी द्रव्ये पिढ्यान्‌पिढ्या वापरली जातात, त्यांत बेसन, हळद, दही, कोरफड आणि लिंबू यांच्या जोडीला बिबाही असतो. आणि ही सर्वच द्रव्ये निसर्गातून येत असली, तरी त्यांपैकी एकट्या बिब्याशी माणसे जपून वागतात. बिब्याच्या बाबतीत लोकांनी अनुभवातून जी सावधगिरी अंगी बाणवली, ती उरलेल्या द्रव्यांनाही कमीअधिक प्रमाणात लागू केली पाहिजे, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

बिबा, म्हणजेच आयुर्वेदातील भल्लातक, हा विदर्भाच्या पानझडी रानांत वाढणारा वृक्ष असून तो आंबा आणि काजू यांच्या कुळातील आहे. त्याच्या काळ्या फळाच्या कवचात दाहक तेल असते, तर आतला गर गोडंबी म्हणून हिवाळ्यातील लाडवांत आवडीने घातला जातो. जिल्ह्यातील मालेगाव परिसरात बिबे फोडून गोडंबी काढणाऱ्या महिलांच्या हातांवर या तेलाचे डाग आणि व्रण दिसतात. तेलातील दाहक घटक त्वचेतील प्रथिनांशी जोडले जातात, शरीराची संरक्षक यंत्रणा त्यांना परके समजून प्रतिकार करते, आणि परिणामी खाज, सूज, पुरळ व पाण्याने भरलेले फोड उमटतात. यालाच बोलीभाषेत बिबा उतणे म्हणतात. ही प्रतिक्रिया बहुधा एकदोन दिवसांनी दिसत असल्याने तिचे कारण ओळखणे कठीण जाते, आणि पहिल्या वेळी काहीच न झालेल्या व्यक्तीला पुढच्या वापरात तीव्र त्रास होऊ शकतो.

प्रस्तुत लेखिकेच्या टाचांच्या भेगांत घरातील वडीलधाऱ्यांनी गरम सुईने काढलेले बिब्याचे तेल भरले होते, आणि आधीच्या हिवाळ्यात याच उपायाने आराम पडलेला असल्यामुळे कोणाच्याही मनात शंका नव्हती. या वेळी मात्र पाऊल घोट्यापर्यंत सुजले, फोड आले, आणि बोटांना लागलेले तेल नकळत चेहऱ्यापर्यंत पोहोचल्याने पापण्याही सुजल्या. त्वचारोगतज्ज्ञांच्या उपचारांनी दाह ओसरला, तरी काळे डाग बराच काळ टिकले. एकदा मानवलेला उपाय नेहमीच मानवेल असे नाही, आणि ज्या जागी लेप लावला तेवढ्याच जागी त्याचा परिणाम होतो असेही नाही, या दोन्ही गोष्टी त्यातून स्पष्ट झाल्या. असे तेल अंगाला लागल्यास ती जागा ताबडतोब साबणाने आणि भरपूर पाण्याने धुवावी, फोड फोडू नयेत, आणि पुन्हा बिबा वापरू नये.

आयुर्वेदाने भल्लातकाची गणना उपविषांत केली असून विटकरीच्या चुऱ्यात घोळून त्याचे शोधन, म्हणजे दाहकता कमी करण्याची प्रक्रिया, केल्याखेरीज ते औषधात वापरू नये असे सांगितले आहे. औषधे व प्रसाधने नियम, १९४५ यांच्या अनुसूची ई(१) मधील विषारी द्रव्यांच्या यादीतही भल्लातक आहे. परंपरा आणि कायदा या दोहोंनी द्रव्य नैसर्गिक आहे एवढ्यावर समाधान मानलेले नाही, ही बाब घरगुती उपाय करणाऱ्या प्रत्येकाने लक्षात घेण्यासारखी आहे.

हाच विचार लिंबाला लावून पाहावा. निरोगी त्वचेचा पृष्ठभाग सौम्य आम्ल, साधारण ४.५ ते ५.५ सामू असलेला असतो (सामू म्हणजे आम्लता मोजण्याचे माप, जे जितके कमी तितकी आम्लता अधिक), तर लिंबाच्या रसाचा सामू २ च्या आसपास असल्याने तो त्वचेचे रक्षक आवरण दुखावतो. शिवाय लिंबात, विशेषतः त्याच्या सालीत, फ्युरोकुमारिन नावाचे घटक असतात, जे उन्हातील अतिनील किरणांनी सक्रिय होऊन त्वचेला भाजल्यासारखी इजा करतात. नंतर उरणारे काळपट डाग कित्येक आठवडे किंवा महिने जात नाहीत. वैशाखातील वऱ्हाडी उन्हात शेतावर किंवा बाजारात जाणाऱ्या व्यक्तीने चेहऱ्यावर लिंबू चोळणे म्हणूनच धोक्याचे ठरते, आणि रंग उजळावा म्हणून केलेला उपाय नेमका उलटा फळतो. खाण्याचा सोडा याच्या विरुद्ध टोकाचा, म्हणजे अल्कधर्मी, असला तरी तोही हे आवरण बिघडवतोच.

हळद वाशीम आणि शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात मोठ्या प्रमाणात पिकते, त्यामुळे येथील घरांना विश्वासाचे हळकुंड मिळवणे अवघड नाही, आणि लेपासाठी सुट्या पुडीपेक्षा घरी दळलेली हळद केव्हाही बरी. कारण भेसळीच्या हळदीत मेटॅनिल यलो हा कृत्रिम रंग किंवा शिसेयुक्त लेड क्रोमेट असू शकते. शुद्ध हळदीचीही काहींना ॲलर्जी असते, हे मात्र विसरू नये. कोरफडीचे पान कापल्यावर सालीलगत निघणारा पिवळा चीक खाज आणतो, म्हणून पान काही वेळ उभे ठेवून तो निथळू द्यावा, आणि मगच आतला पारदर्शक गर धुऊन घ्यावा. ज्या लेपात पाणी, दही किंवा गर असतो, त्यात जंतू झपाट्याने वाढतात. तो लागेल तेवढाच करून त्याच वेळी संपवावा, आणि साठवायचीच तर कोरडी पूड साठवावी.

घरगुती किंवा हर्बल म्हणून विकल्या जाणाऱ्या क्रीमचा धोका याहून गंभीर आहे. ज्या अकोला जिल्ह्यातून १९९८ मध्ये वाशीम वेगळा झाला, तेथील एकाच कुटुंबातील तीन महिलांना मूत्रपिंडाचा विकार जडल्याची आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयाच्या तपासात त्याचा संबंध त्या वापरत असलेल्या क्रीममधील पाऱ्याशी जोडला गेल्याची वृत्ते २०२३ च्या आरंभी प्रसिद्ध झाली होती. पारा त्वचेतील रंगद्रव्याची निर्मिती रोखतो, त्यामुळे चेहरा उजळल्यासारखा वाटतो. परंतु तो त्वचेवाटे शरीरात शिरून मूत्रपिंडात साचत जातो. म्हणून ज्या डबीवर घटकद्रव्ये, उत्पादकाचा पत्ता आणि परवाना क्रमांक नाही, ती कितीही जवळच्या व्यक्तीने दिली तरी वापरू नये.

कोणताही नवा लेप प्रथम कोपराच्या आतील बाजूस नाण्याएवढ्या जागेवर, रोज दोनदा, आठवडाभर लावून पाहावा, आणि लाली किंवा खाज न आल्यासच चेहऱ्यावर वापरावा. बिब्याची मात्र अशी चाचणीही घरी करू नये. एका वेळी एकच नवे द्रव्य वापरले, तर त्रास कशामुळे झाला हे कळते. तान्ह्या बाळाची त्वचा, डोळ्यांभोवतीचा भाग आणि उघडी जखम यांवर असे प्रयोग टाळावेत. चेहरा किंवा डोळे सुजणे, ताप येणे, पू होणे किंवा पुरळ पसरत जाणे यांपैकी काहीही दिसल्यास दुसरा घरगुती उपाय न करता डॉक्टरांकडे जावे आणि काय लावले होते ते संकोच न बाळगता सांगावे, कारण उपचारांची दिशा त्याच माहितीवर ठरते.