कावीळ कुठली, ते कळेपर्यंत

भाचेबुवा, डोळे पिवळे झालेत आणि चिठ्ठीवर नुसतंच ‘व्हायरल हिपॅटायटिस’ लिहिलंय म्हणे. घाबरू नकोस, पण फार शहाणपणाही करू नकोस. मावशीचं एवढं ऐक.

1. ए, बी, सी की ई, ते तपासायचं राहिलंय की तपासून सापडलं नाही, हे डॉक्टरांना सरळ विचार — ए आणि ई पाण्या-अन्नातून येतात आणि बहुतेकांच्या आपोआप जातात. बी आणि सी रक्तातून येतात आणि कधी कधी कायमचा मुक्काम ठोकतात.

2. तोवर संडासाहून आल्यावर साबणाने हात धू, घरच्यांसाठी स्वयंपाक करू नकोस (आयतं निमित्त मिळालं!), ब्लेड-ब्रश-नेलकटर वेगळं ठेव, नवरा-बायकोनेही दूर राहावं — चोर कुठून आला ते ठाऊक नसेल, तर पुढचं-मागचं दोन्ही दार लावावं.

3. सूनबाईला दिवस गेलेत, तेव्हा तिला पाणी खळखळून उकळलेलंच — ई गरोदरपणात, त्यातही शेवटच्या तीन महिन्यांत, जिवावर बेतू शकतो. तिचे डोळे पिवळे दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे, ‘उद्या बघू’ नको. आणि तिची बीची तपासणी झालीय ना, तेही बघ — बाळाला बीची लस जन्मल्यापासून 24 तासांत मिळायला हवी.

4. अंग दुखलं तरी आपल्या मनाने गोळी नको — पॅरासिटामॉल सर्दीच्या गोळ्यांतही लपलेलं असतं. दारूचं तर नावच काढू नकोस.

5. काविळीची माळ घाल, माझी ना नाही. पोटात मात्र कुणाचा पाला नको — 2021 मध्ये गुळवेलीने यकृत बिघडलेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवलेत. चुन्याच्या पाण्यात हात धुवून पाणी पिवळं झालं, तरी रक्तातलं बिलिरुबिन तिथंच बसलेलं असतं.

6. वरण-भात, जमेल तसं थोडं थोडं खा, तेल-तूप पार तोडायची गरज नाही. उसाचा रस रस्त्यावरचा नको — त्यातला बर्फ कुठल्या पाण्याचा, ते रसवाल्यालाही ठाऊक नसतं.

7. रक्ततपासणीत यकृताचं एसजीपीटी उतरलं म्हणून पेढे वाटू नकोस, रक्त गोठण्याचं पीटी-आयएनआर किती ते विचार — ते वाढत असताना एसजीपीटी उतरलं, तर मरायला यकृताच्या पेशीच उरल्या नाहीत, असंही असू शकतं. सूनबाईलाही सांगून ठेव: दिवसा गुंगी नि रात्री जाग, बरळणं, हिरड्यांतून रक्त, न थांबणाऱ्या उलट्या, यातलं काहीही दिसलं तर अपरात्रीही दवाखाना गाठायचा.

8. इमारतीत आणखी कुणाला कावीळ असेल तर पालिकेला कळव, लाज कसली — 1955-56 ला दिल्लीत सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळलं आणि हजारोंना कावीळ झाली. तो ई होता, हे कळायला पुढे कित्येक वर्षं गेली. इचलकरंजीने 2012 मध्ये तेच भोगलं.

9. बी किंवा सी निघालाच तर ताट-वाटी वेगळी करू नका — जेवणातून तो पसरत नाही. 2018 पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी नि औषध सरकारी रुग्णालयात मोफत आहे, आणि सी तर साधारण 12 आठवड्यांच्या गोळ्यांनी बहुतेकांचा पुरता बरा होतो.

10. काहीच सापडलं नाही, तर तपासणी पुन्हा कधी करायची ते विचारून घे आणि आधी घेतलेल्या गोळ्या, काढे, चूर्णं, सगळं डॉक्टरांपुढे ठेव. तुझ्या त्या जिमवाल्या मित्राने दिलेली पावडरसुद्धा.